जप्त केलेले हात

नोकरीतले कितीतरी खून आणि दरोडे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे जुन्या डायऱ्या काढल्याशिवाय मला सांगता येणार नाही. पण पाथर्डीच्या बाजूला एका म्हातारीचा आडावरचा दोर चोरीला गेला होता, ते प्रकरण काल घडल्यासारखं डोळ्यांपुढे उभं राहतं. त्या दोरापायी माझ्या गोपनीय अहवालात एक शेरा आला आणि बढती तीन वर्षं रखडली. आठवण ताजी राहायला तेही एक कारण आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको.

एकाहत्तरची दिवाळी होऊन गेली होती. मोठा दुष्काळ पुढच्या वर्षी यायचा होता, पण त्या कोरडवाहू पट्ट्यात आडांचं पाणी आधीच तळाला गेलं होतं. दिवाळी झाली की तिकडची गावं रिकामी होत. धडधाकट माणसं बायका-पोरांसह ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे जात, ती उन्हाळा लागल्यावरच परतत. दाराला कुलूप आणि कुलपापुढे बाभळीची फांदी आडवी, अशी घरांमागून घरं. मागे राहत ती म्हातारी माणसं. गस्तीला गेलं की एखाद्या ओट्यावर कोणीतरी बसलेलं दिसे आणि सायकलवरून जाणाऱ्या शिपायाला उगीचच म्हणे, "बसा की वाईच."

मी तिथल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो, खात्याच्या परीक्षा दिल्या आणि खांद्यावरचा तारा घासून घासून मिळवला. माझे वडील बैलबाजारातले हेडी, म्हणजे बैलांच्या सौद्यातले दलाल. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा, तोंडाने शब्द काढायचा नाही, ही विद्या मी शाळेच्या आधी शिकलो. कॉलेजातून थेट तारा लावून आलेले अधिकारी या विद्येला हसत. हसोत. मला ती कायद्याच्या पुस्तकाइतकीच उपयोगी पडली.

मार्गशीर्षातली सकाळ होती. ठाण्याच्या पायरीवर एक सत्तरी ओलांडलेली बाई येऊन बसली. आठ-नऊ किलोमीटर चालत आली होती. जमादाराने तिला आत आणलं.

"काय गेलं, आजी?"

"दोर."

"आणखी?"

"पोहरा. मंग शिडी."

माझ्या टेबलावर त्या दिवशी दोन मारामाऱ्या आणि एक बेवारस प्रेत होतं. मी भडकलो. "दोराची फिर्याद घ्यायला सरकारने ठाणं उघडलंय का? दुसरा दोर वळून घ्या!"

म्हातारीने पदर सावरला. "दोर माझा ग्येला, न् तोंड तुझं का वाकडं झालं रं?"

जमादार हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर त्याला खोकला आला.

"दुसरा बी आनल्ता मी देवळातनं मागून," ती म्हणाली. "त्यो बी ग्येला. आनि रांजन भरतंय कुनीतरी."

"म्हणजे?"

"सकाळी दार उघडावं, तर दारातला रांजन काठोकाठ. म्यां भरला न्हाई. मंग कोन भरतंय? वतून देते मी समदं."

"पाण्याचा असा ठणठणाट असताना पाणी ओतून देता?"

"कुनाच्या हातचं हाय ठावं नसताना पिऊ का? आडावरच्या बाया घालतात तांब्याभर, त्यावर भागवते. पर त्या बी म्हाताऱ्याच की."

मी तिला बाहेर बसायला सांगितलं, म्हणजे खरं तर घालवून दिलं. ती गेली नाही. पायरीवर बसून तिने फडक्यातली भाकरी सोडली, चटणीशी खाल्ली आणि तशीच बसून राहिली. दुपारी मी बाहेर निघालो तेव्हा तिने माझी वाट अडवली. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

"संक्रांतीला थोरला येनार हाय, मुकादमाच्या टरकातनं. घरात चोर शिरतोय कळलं, तर घराला कुलूप ठोकून मला कोपीवर न्हेतोय. मागल्या साली न्हेल्तं. पाचटाची कोपी, वाकून शिरायची झोपडी. समदी फाटंपासनं फडात, न् मागं मी न् बांधलेलं वासरू. तापानं फनफनल्ते, तर पानी मागाया त्या वासराबिगर कोन न्हाई. त्यो वाईट न्हाई, माझा ल्योक. पर त्याला घोर लागतो, न् त्याच्या घोरापायी माझं घर जातं. संक्रांतीच्या आत चोर धर, लेकरा. मला माझ्या चुलीपाशी ऱ्हायाचंय."

अंगावर ओरडलेल्या फौजदाराला 'लेकरा' म्हणणारी फिर्यादी मी पहिल्यांदाच पाहिली. जमादाराला म्हणालो, "डायरीला नोंद घे. उद्या जागा पाहायला जाऊ."

तिचं घर गावाच्या टोकाला, मातीच्या धाब्याचं, दोन खणांचं. पुढे आड. आडाच्या पलीकडे, तिरप्या बाजूला, आणखी एक उघडं घर. बाकी सगळ्या दारांना बाभळी. मी पंचनामा करायला लागलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच कपाळाला आठ्या पडल्या. उतरंडीवर तांब्याचा हंडा तसाच होता. पितळी समया तशाच. कोपऱ्यातलं जड जातं हललं नव्हतं, पण ते सोडा, खुंटीवरची नवी घोंगडीसुद्धा जागेवर होती. भुरटा चोर आधी घोंगडी उचलतो. याने नेलं काय, तर आडाचा दोर, पोहरा आणि धाब्यावर चढायची शिडी.

"शिडीचं काय काम पडतं तुम्हाला?"

"बोरं वाळत घालते वर."

"या वयात?"

"बोरं वय इचारत न्हाईत."

मागच्या दारापासून नहाणीपर्यंत कमरेइतक्या उंचीवर घायपाताचा एक दोर मेखांना ताणून बांधलेला होता, चालताना धरायला. मी विचारलं, तर म्हणाली, "थोरल्यानं बांधला आसंल जाताना." मेखा ठोकलेल्या भिंतीची माती अजून ओलसर होती आणि थोरल्याला जाऊन महिना झाला होता. उंबऱ्याबाहेरचा हलता दगडही कोणीतरी कपची मारून बसवला होता. चोर वस्तू नेतो. हा चोर काही वस्तू आणूनही ठेवत होता.

मी त्या दोराची गाठ पाहिली. दाव्याची गाठ. बैल कितीही ओढो, ती सुटत नाही, आणि मोकळं टोक खेचलं की एका हिसक्यात सुटते. हेड्याच्या पोराला ती गाठ दाखवावी लागत नाही. जन्मभर बैल राखलेल्या माणसाचा हात होता तो.

"समोरच्या घरात कोण असतं?"

म्हातारीने तोंड फिरवलं. "त्या घराचं नाव नगं."

नको म्हणता म्हणता तिनेच सांगितलं. समोरच्या घरातला म्हातारा तिचा चुलत दीर. बावीस वर्षांपूर्वी पोळ्याला मानाचा बैल वेशीतून आधी कोणाचा न्यायचा, यावरून तो आणि तिचा नवरा भिडले. काठ्या निघाल्या. नवऱ्याचं डोकं फुटलं. रक्त पुशीत त्याने मारुतीपुढे शपथ घेतली, की याच्या हातचं पाणी आपल्या घराला वर्ज्य. पुढे तो आजारपणात गेला, पण शपथ मागे ठेवून गेला. बैल गेले, मान गेला, दोन्ही घरची पोरं एकाच मुकादमाकडे ऊस तोडायला जाऊ लागली. म्हातारीने मात्र शपथ पाळली. दीर-भावजयीत तेव्हापासून शब्द नाही.

दोन दिवसांनी ठाण्याला एक निनावी कार्ड आलं. "अमुक गावच्या आडाचा काठ निसरडा आहे. म्हातारी माणसे पाणी भरतात. कोणी पडल्यास सरकार जबाबदार." अक्षर मोत्यासारखं. निनावी अर्ज लिहिणारा माणूस अक्षर बिघडवतो, एवढं तरी मला कळत होतं. गावच्या शाळेच्या गुरुजींना बोलावलं. ते घाबरले नाहीत.

"साहेब, गावातली सगळी पत्रं मीच लिहितो. मागे राहिलेल्यांना लिहिता येत नाही आणि गेलेल्यांना वाचता येत नाही. मजकूर ज्याचा त्याचा, अक्षर माझं."

"हा मजकूर कोणाचा?"

त्यांनी समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं.

त्याला चावडीवर बोलावलं. पंचाहत्तरीचा, ताठ, तोंडावर देवीचे व्रण, डोक्याला मळकं मुंडासं. मी ठाण्यातल्या सवयीने सुरुवात केली. कुठे होतास, कधी गेलास, खोटं बोललास तर काय होईल. तो भिंतीकडे पाहत बसला. मी टेबलावर मूठ आपटली, दौत उडाली. त्याने दौत सरळ केली.

"आवाज चढवू नगा, सायब. बैल बी आवाजानं चालत न्हाई."

मला राग आला आणि लगेच वडील आठवले. सौद्यात ओरडणारा हेडी बैल महाग घेतो, असं ते म्हणत. मी जमादाराला पाणी आणायला पाठवलं, खिशातला रुमाल काढला, हातावर टाकला आणि हात पुढे केला. काही बोललो नाही. म्हाताऱ्याने रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. बाजारात चाळीस वर्षं घातलेल्या माणसाचा हात थांबत नाही. त्याने रुमालाखाली हात घातला.

माझ्या बोटांना लागले ते फोड. तीन बोटांची टोकं भाजलेली होती.

"हे काय, आबा?"

"तवा."

"भाकरी तुम्हीच भाजता?"

"भाजत न्हाई. जाळतो."

मग तो बोलला. हात रुमालाखालीच राहू दिला.

"चंपाषष्ठीची सकाळ. मी वट्यावर बसल्तो. ती आडावर वाकली. पानी खोल ग्येलंय, लई वाकावं लागतं. पाय सटाकला. येक हात तेवढा काठाला ऱ्हायला. म्यां तोंड उघाडलं, पर हाक फुटंना. बावीस वरसं हाक मारली न्हाई, सायब. वैनी म्हनू का नाव घिऊ, ह्यातच जीव अडाकला. तवर ती सोताच उभी ऱ्हायली, लुगडं झटाकलं न् घागर घिऊन ग्येली. मी मातुर बसलोच वट्यावर. दुपारी ती देवळात ग्येली, तवा दोर आनला."

"याला चोरी म्हणतात."

"म्हना."

"आणि पाणी?"

"फाटं भरतो. ती वतून देती. म्यां पुन्ना भरतो." मग म्हणाला, "वतनारच ती. मलाबी ठावं हाय कशापायी."

त्याच्या घरी मुद्देमाल मिळाला. दोर तेल लावून गुंडाळलेला, पोहऱ्याची कडी नव्याने ठोकलेली. शिडीच्या दोन पायऱ्या कुजक्या होत्या, त्या काढून बाभळीच्या नव्या बसवलेल्या. मी तीस वर्षं नोकरी केली. चोरीचा माल दुरुस्त होऊन सापडलेला तो एकच.

तपास इथे संपला. माल फिर्यादीला परत, आरोपीला समज, प्रकरण निकाली. कॉलेजातून आलेल्या एखाद्या साहेबाने हेच केलं असतं. पण दोर परत दिला की दुसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा त्या काठावर वाकणार होती. दोर नाही दिला, तर संक्रांतीला तिच्या घराला कुलूप. तिला मदत घ्यायला शपथ आडवी आणि त्याला मदत द्यायला जीभ उचलत नव्हती. दोन माणसं, मध्ये एक आड, आणि बाकी गाव बाभळीखाली बंद. मी सायकल घेतली आणि रस्ताभर सौद्याचा विचार केला. सौद्यात दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं पाहिजे. निदान कोणी हरलं, असं दिसता कामा नये.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याला पुढे घालून तिच्या दारात गेलो. बरोबर जमादार आणि गुरुजी. दीर समोर म्हणून ती चौकटीच्या आड उभी राहिली, डोक्यावरून पदर नाकापर्यंत. आवाज मात्र आडोशाला नव्हता.

"ह्यो व्हय चोर! बेड्या घाल ह्याला."

"आजी, गुन्हा सिद्ध झाला आहे. आरोपीला कबूल आहे. आता कायदा काय म्हणतो ते ऐका. गुन्हा ज्या हत्याराने झाला ते हत्यार आम्ही जप्त करतो. कुऱ्हाडीने झाला तर कुऱ्हाड. याने चोरी कशाने केली?"

"हातानं. आनिक कशानं?"

"मग हात जप्त. जमादार, लिहा."

जमादाराने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. तो लिहू लागला. मी तोंडी सांगत होतो, गुरुजी पंच म्हणून उभे होते. "मानवी हात, नग दोन, वापरलेले. उजव्या हाताच्या तीन बोटांना भाजल्याचे फोड. एरवी सुस्थितीत."

"आजपासून हे हात आबांचे नाहीत," मी म्हणालो. "सरकारजमा झाले. पण ठाण्यात एवढा माल ठेवायला जागा नाही. अशा वेळी आम्ही माल सुपूर्तनाम्यावर विश्वासू माणसाच्या ताब्यात देतो. हे हात मी फिर्यादीच्या ताब्यात देतो. रोज सकाळी आरोपीने या दारात हजेरी द्यायची. हातांकडून आडाचं पाणी भरून घ्यायचं. पाणी सरकारी हातचं, याच्या हातचं नाही. शपथेत सरकारचं नाव होतं का?"

चौकटीच्या आडून आवाज आला, "दोन्ही हात कशाला? येक घे. येक राहू दे त्याला, त्याच्या घरचं पानी भराया."

"एका हाताने पोहरा ओढता येत नाही."

"मंग त्याच्या घरी कोन भरनार?"

"ताबेदाराने परवानगी दिली, तर हात स्वतःच्या घरीही वापरता येतील."

"दिली," ती लगेच म्हणाली. मग, "फोड कशाचे म्हनलास?"

"तव्याचे."

"सुनंनं पिठाचा डबा भरून दिल्ता न्हवं जाताना?"

म्हातारा पहिल्यांदाच बोलला, माझ्याकडे पाहून. "सायब, सांगा तिला, पीठ हाय. भाकरी थापाया येत न्हाई."

"सुपूर्तनाम्यातला माल सुस्थितीत ठेवायची जबाबदारी ताबेदाराची," मी म्हणालो. "माल जळाला, खराब झाला, तर जाब तुम्हाला द्यावा लागेल. आणि हजेरीच्या आरोपीला उपाशी ठेवता येत नाही. हा सरकारचा नियम आहे."

"मी तिच्या दारात भाकरी खाऊ?" म्हातारा उसळला.

"कैद्याला नको म्हणायचा अधिकार नाही!" मी त्याहून मोठ्याने ओरडलो. या वेळी तो गप्प बसला. मला वाटतं, बरंच वाटलं असावं त्याला.

म्हातारी आत गेली. बाहेर आली ती हातात खोबरेलाची वाटी घेऊन. ती तिने त्याच्या हातात दिली नाही. उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरकली. त्याने ती उचलली, बोटांना तेल लावलं, वाटी पुन्हा उंबऱ्यावर ठेवली. मग दोर खांद्यावर टाकून आडावर गेला, दोन पोहरे काढले आणि रांजणात ओतले. म्हातारीने तांब्या बुडवला, पाठमोरी झाली आणि प्यायली. घोटामागून घोट. किती दिवसांची तहान होती, ते तिच्या पाठीवरून दिसत होतं. जमादार दुसरीकडे पाहू लागला.

दोघांचे अंगठे घेतले. एक प्रत तिला दिली. तिने ती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिचा थोरला ठाण्यावर आला. चाळिशीचा, उसाच्या पात्याने हात कापलेले, चेहऱ्यावर राग आणि काळजी यांची मिसळ.

"सायब, ह्ये काय केलंय तुमी? टरक उभा हाय, न् आमची म्हातारी म्हनती, सरकारी माल ताब्यात हाय, हद्द सोडता येत न्हाई. कागूद दावती."

मी हे ठरवून केलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. सुपूर्तनाम्यात छापील अटीसारखी एक ओळ असते, की माल परवानगीशिवाय हद्दीबाहेर नेऊ नये. जमादाराने सवयीने तीही लिहिली होती. म्हातारीने गुरुजींकडून कागद वाचून घेतला होता आणि नेमकी तीच ओळ पाठ केली होती.

"कागद खरा आहे," मी म्हणालो.

"ती पडली तर? मी तिकडं फडात. मला घास ग्वाड लागत न्हाई."

तेव्हा मी त्याला खाली बसवलं आणि सौदा केला. दारापुढे सडा रोज पडतो. पाणी नसेल तर ओंजळभर का होईना, ती शिंपडतेच. दिवस वर आला आणि सडा दिसला नाही, तर म्हाताऱ्याने दार वाजवायचं. दाराला आतून अडसर लावायचा नाही, बाहेरून उघडेल अशी कडी बसवायची. ते काम थोरल्याने आजच करून जायचं. बोरं धाब्यावर नाहीत, अंगणात खाटेवर वाळतील. दर सोमवारी गुरुजी कार्ड टाकतील. आणि यातलं एक जरी चुकलं, तर मी स्वतः तिला एसटीत बसवून कोपीवर पोचवीन.

तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "समदं खरं. पर सायब, त्यो मानूस?"

"माणूस तुझ्या भावकीतला आहे, तुझं तू बघ. हात सरकारचे आहेत."

तो हसला आणि डोळे पुसत उठला. ट्रक म्हातारीला न घेताच गेला.

मार्चमध्ये ठाण्याची वार्षिक तपासणी झाली. तपासणीला आलेले साहेब माझ्याहून वयाने लहान, थेट भरतीचे. मुद्देमालाची फाईल उघडली आणि 'मानवी हात, नग दोन' वर त्यांचं बोट थांबलं. खुलासा मागवला. मी तीन ओळींचा खुलासा दिला: फिर्यादी जिवंत आहे, आरोपी जिवंत आहे, माल सुस्थितीत आहे. त्यांनी शेरा मारला: "कामात गांभीर्याचा अभाव." माझ्या बरोबरीचे पुढे गेले, मी तिथेच राहिलो. त्या साहेबांवर माझा अजून राग आहे. त्यांनी गावाला जाऊन तो रांजण पाहिला असता, तर मी राग सोडला असता. पडलेल्या माणसाचा पंचनामा करायला खात्यात छापील नमुना आहे. न पडलेल्या माणसाची नोंद करायला रकाना नाही.

उन्हाळा लागला, गाव परतलं, बाभळी दारांवरून निघाल्या. मी कागद मिटवायला गेलो. दोन्ही घरची पोरं-सुना जमली होती. मी म्हणालो, "आजी, आता माणसं आली. तक्रार मागे घ्या. हात मोकळे करू."

म्हातारा ओट्यावर बसला होता, जमिनीकडे पाहत. म्हातारीने पदर पुढे ओढला.

"न्हाई," ती म्हणाली. "तपास चालू ठिव."

मी आता निवृत्त आहे. नगरला घर आहे, मुलगा पुण्याला बोलावतो, मी जात नाही. त्या थोरल्याची काळजी मला तेव्हा अर्धीच कळली होती आणि म्हातारीचा हट्टही अर्धाच. आज दोन्ही पुरते कळतात. म्हाताऱ्या माणसाला मदत नको असते असं नाही. ती हात पसरून घ्यायला नको असते. त्याच्याकडेही काही सोपवा, एखादी जबाबदारी, एखादा ताबा, मग तो पाणी घेतो. समोरचे निवृत्त टपालमास्तर आणि मी, आमचंही ठरलेलं आहे. सकाळी सातला माझी खिडकी उघडी नसली, तर त्यांनी यायचं. त्यांची नसली, तर मी. आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नाही. ते बुद्धिबळात चाली परत घेतात.

शेवटचं सांगायचं राहिलं. साडेतीन वर्षांनी माझी बदली नेवाशाला झालेली होती. एका दुपारी ठाण्याच्या पायरीवर एक बाई येऊन बसली. दोन एसट्या बदलून, विचारत विचारत आली होती. मी ओळखलं आणि स्वतःच बाहेर गेलो. तिने कमरेची पिशवी सोडली, घडीवर घडी पडलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"तुझा माल ग्येला, फौजदारा. आठ दिस झालं. शेवटच्या सकाळी बी पानी भरून ग्येला."

मी तिच्याजवळ पायरीवर टेकलो. ती मात्र ताठ बसली होती.

"शेवटपतूर नीट सांभाळला. फोड येऊ दिला न्हाई. नोंद कर."

"आजी, आता पाणी?"

"त्याची नातसून भरती. तिला काय शपथ न्हाई." आणि मग, "कर ना नोंद. माझ्या नावावर उगं शिल्लक नगं."

मी तिला आत नेलं, खुर्चीवर बसवलं. कागद टेबलावर सरळ केला. तो नेवाशाच्या दप्तरातला नव्हता, माझा अधिकारही नव्हता. तरी मागच्या कोऱ्या बाजूवर शाईने लिहिलं: "वरील मुद्देमाल ताबेदाराकडून सुस्थितीत परत मिळाला. काही तक्रार नाही." खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि तिला वाचून दाखवलं.

तिने ऐकलं, मान हलवली आणि कागद परत मागून घेतला.